वृद्धाश्रम बघायला जाताय? रात्री दोनला कोण उठतं, ते आधी विचारा

पहिल्या खेपेला आम्ही रविवारी सकाळी अकराला गेलो होतो, रीतसर फोन करून. मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं एक खासगी केंद्र. दारात तुळस, हॉलमध्ये टीव्हीवर भजन, आजी-आजोबा आंघोळी करून ओळीने बसलेले, आमच्यासाठी आलं घातलेला चहा. मॅनेजरबाई गोड बोलल्या आणि आम्ही त्याच दिवशी अनामत रक्कम भरून मोकळे झालो. तीन आठवड्यांनी फिजिओवाल्याने आमच्या अण्णांना कुशीवर वळवलं, तेव्हा माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम दिसली. चौकशी केल्यावर कळलं, रात्री बावीस जणांना मिळून एकच मावशी असते. ती बारा वाजता एक फेरी मारते आणि पाचला डायपर बदलायला उठते. मधल्या पाच तासांत अण्णा जसे झोपवले तसेच पडून. डावी बाजू गेलेला माणूस स्वतःहून कूस कशी बदलणार?

त्यानंतर आम्ही नऊ ठिकाणांची चौकशी केली. दुसऱ्या खेपेला काय केलं ते क्रमाने सांगते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: सकाळी अकरा वाजता सगळे वृद्धाश्रम चांगलेच दिसतात. फरक असतो तो रात्रीचा.

पायरी १: घरच्या माणसाची खरी यादी करा

कागद घ्या आणि लिहा. स्वतः चालतात का, की धरून? संडासला उठवावं लागतं का? रात्री किती वेळा? भरवावं लागतं का? इन्सुलिन आहे? लघवीची नळी, नाकातली नळी? रात्री उठून दाराकडे जातात का? रागाच्या भरात हात उगारतात का?

शेवटच्या दोन प्रश्नांसारख्या गोष्टी आपण सगळे लपवतो. शिव्या देतात, अंथरूण ओलं करतात, हे सांगताना जीभ अडखळते. पण लपवलंत तर तिसऱ्या दिवशी फोन येतो, ‘तुमच्या पेशंटला घेऊन जा’, आणि तुम्ही टॅक्सी शोधत बसता.

यादी झाली की कुठल्या प्रकारचं ठिकाण हवं ते ठरतं. ट्रस्टचे जुने वृद्धाश्रम बहुतेक चालत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. अंथरुणाला खिळलेल्यांना तिथे सहसा घेत नाहीत. त्यांच्यासाठी शुश्रूषा केंद्रं असतात, ज्यांना आपण सरसकट ‘केअर सेंटर’ म्हणतो. डिमेन्शियासाठी वेगळी केंद्रं असतात आणि ती खरोखर वेगळी हवीत, कारण तिथे दाराला कडी कशी आहे इथपासून सगळं बदलतं. विकत घ्यायची ‘सीनियर लिव्हिंग’ घरं हा निराळाच विषय. त्यांच्यासाठी महारेराने, म्हणजे घरबांधणीवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये बांधकामाचे निकष काढले आहेत, पण ते इमारतीबद्दल आहेत. रात्री कोण उठणार याचं उत्तर त्यात नाही.

पायरी २: अंतर

मुंबईत जागा महाग, म्हणून बरीच केंद्रं वसई-नालासोपारा, बदलापूर, नेरळ-कर्जत, पनवेलच्या बाजूला आहेत. हवा चांगली, झाडं आहेत, दरही कमी. मोह होतो. पण तुम्ही जाणार रविवारी, आणि रविवारी लोकलच्या मध्य-हार्बर मार्गांवर दुरुस्तीचा मेगाब्लॉक, पश्चिमेला जम्बो ब्लॉक. पहिले दोन महिने जाल, मग पंधरा दिवसांनी, मग सणावाराला.

हे वाईट वाटेल, पण पाहिलंय म्हणून सांगते: कोणाचं माणूस भेटायला येतं आणि कोणाचं नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याची चादर उशिरा बदलली जाते. घरापासून तासाभरात, आठवड्याच्या मधल्या दिवशीही जाता येईल असं ठिकाण थोडं महाग असलं तरी मी तेच घेईन.

पायरी ३: फोन रात्री नऊला करा

दिवसा मार्केटिंगवाला फोन उचलतो. रात्री नऊला उचलतो तो ड्यूटीवरचा माणूस. त्याला सरळ विचारा: आत्ता किती आजी-आजोबा आहेत आणि सकाळपर्यंत किती जण जागे असणार? ‘असणार’ नाही, ‘जागे’ असणार. चोवीस तासांची ड्यूटी असलेली मावशी त्याच खोलीत चटई टाकून झोपते. कागदावर ती हजर असते.

उत्तर द्यायला वेळ लागला, किंवा ‘तुम्ही सकाळी सरांशी बोला’ असं आलं, तर मी ते नाव खोडत असे. नऊपैकी चार असेच गेले.

पायरी ४: कागद

इथे फार वेळ घालवू नका, पण वगळूही नका. एकच परवाना बघून समाधान होईल असं नसतं. कागद वेगवेगळ्या दारांतून येतात.

संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. मुंबईचं कार्यालय वरळीला आहे, विश्वस्त कोण हे तिथे कळतं. आजारी किंवा अशक्त माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करतो असा दावा असेल, सलाईन लावतात, ऑक्सिजन देतात, तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंद आहे का ते विचारा. मुंबईत ती महापालिका करते. प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं असतं आणि त्यावर खाटांची संख्या असते. तो आकडा वाचा आणि मग हळूच खाटा मोजा.

स्वयंपाकघरासाठी अन्नसुरक्षा परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी नंबर. ‘सिस्टर’ म्हणून ओळख करून दिलेली मुलगी जीएनएम (नर्सिंगचा पूर्ण डिप्लोमा) आहे, एएनएम (त्याहून छोटा नर्सिंग कोर्स) आहे, की सहा महिन्यांचा कोर्स केलेली, हे विचारायला लाजू नका. शिकलेल्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. सहा महिन्यांच्या कोर्सवाली मुलगी वाईट असते असं नाही, पण तिच्या हातात इन्सुलिनची सुई असेल तर मला ते आधी कळायला हवं.

आगीचा कागद मात्र हातात घेऊनच बघा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. मागच्या जानेवारीचा किंवा जुलैचा दाखवा म्हणा. मार्च २०२१ मध्ये भांडुपला मॉलमधल्या रुग्णालयात आणि पुढच्याच महिन्यात विरारला अतिदक्षता विभागात आगी लागल्या, माणसं गेली. जे उठून पळू शकत नाहीत त्यांच्या खोलीत आग लागणं म्हणजे काय, याला वेगळं वर्णन लागत नाही.

पायरी ५: न सांगता जा, दिवेलागणीनंतर

खरी पाहणी ही. संध्याकाळी सात-साडेसातला जा. ‘भेटीची वेळ संपली’ म्हणाले तर सांगा की कामावरून आताच सुटलो, पाच मिनिटं बघून जातो. आत अजिबात घेतलंच नाही तर ते का, याचा विचार घरी जाऊन करा. एका ठिकाणी कारण खरंच पटण्यासारखं होतं: आजींना झोपवत होते, दिवे मंद केले होते. त्यांनी मला दारातून बघू दिलं, नंतर दुसऱ्या संध्याकाळी बोलावलं. ते नाव मी खोडलं नाही.

आत शिरताना आधी नाकाला काम द्या. लघवीचा थोडा वास कुठेही येईल, नुकताच डायपर बदलला असेल. पण वास जुना, भिंतीत मुरलेला आहे का? किंवा फिनेल इतकं मारलंय की डोळे चुरचुरतात? दुसरं मला जास्त खटकतं.

मग उंचावरून बघू नका, खाटेच्या उंचीवर वाका. पाण्याचा पेला हाताला लागतो का, की पलीकडच्या टेबलावर नीट झाकून ठेवलाय? बेल आहे का, आणि ती हातापाशी आहे की मागे भिंतीला गुंडाळलेली? असेल तर दाबा आणि घड्याळ बघा. लघवीच्या पिशवीची नळी कुठून जाते? पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी, खाटेवर नाही आणि जमिनीवर लोळणारीही नाही. नखं, दाढी, टाचा. टाचांकडे कोणी बघत नाही, पण जखम तिथेही सुरू होते.

पाचव्या केंद्रात मी बेसिनजवळ एक स्टीलची वाटी पाहिली. तिच्यात पाणी आणि पाण्यात तीन कवळ्या. कुठली कोणाची, मी मावशींना विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, “ताई, लावून बघायची, बसली तर त्यांची.” मावशी मनाने चांगल्या होत्या, माझी चेष्टा करत नव्हत्या. पण ज्या ठिकाणी दुसऱ्याचे दात तोंडात घालून बघतात तिथे गोळ्यांचं काय होत असेल, या विचाराने मी बाहेर पडले.

गोळ्यांबद्दल हेच बघा: प्रत्येकाचा नावाचा डबा आहे का, आणि दिल्यावर सही करायचा तक्ता आहे का. तक्त्यावर आज रात्रीच्या साडेनऊच्या रकान्यात सात वाजताच सही झालेली असेल तर तुम्हाला हवं ते कळलं.

दुपारी चारलाही एकदा जाऊन या. चहाच्या वेळेला सगळेच्या सगळे गाढ झोपलेले असतील तर विचारा, झोपेची गोळी कोणाकोणाला आहे आणि लिहून कोणी दिली? रात्री माणूस कमी असलं की गोळीने माणसाचं काम भागवतात, हे आडून आडून मला दोघींनी सांगितलं. हात खाटेला बांधलेले दिसले तर ‘नळी ओढतात म्हणून’ हे उत्तर ठरलेलं. कधी खरंही असतं. पुढचा प्रश्न विचारा: डॉक्टरांनी लिहून दिलंय का, किती वेळ बांधता, नातेवाइकांना त्याच दिवशी कळवता का?

मालकाशी अर्धा तास बोलण्यापेक्षा मावशींशी पाच मिनिटं बोला. इथे लागून किती दिवस झाले? बारा तासांची पाळी की चोवीस? पगार वेळेवर होतो का हे थेट विचारता येत नाही, पण ‘ब्युरोकडून (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून) आलात की इथल्याच?’ एवढं विचारता येतं. सगळ्याच दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेल्या असतील तर आधीच्या का गेल्या? आणि माझा हुकमी प्रश्न: समोरच्या आजोबांकडे बघून, “यांना जेवणात काय आवडतं हो?” आम्ही ज्या ठिकाणी थांबलो तिथल्या मावशी क्षणभरही न थांबता म्हणाल्या, “काका? कालवण तिखट नसेल तर ताट सरकवतात.”

पायरी ६: इमारत, आणि पाऊस

बाथरूममध्ये कमोडच्या शेजारी धरायला दांडा हवा आणि तो ओढून बघायचा. टॉवेल वाळत घालायची नळी म्हणजे दांडा नव्हे. फरशी ओली असताना पाय ठेवा. रात्री संडासपर्यंत दिवा असतो का? व्हीलचेअर दारातून जाते का, हे सांगण्यावर ठेवू नका, ढकलून बघा. उतार असेल तर बारा फुटांना एक फुटापेक्षा जास्त चढ नको, नाहीतर मावशीला एकटीला खुर्ची धरवत नाही.

बरीच केंद्रं सोसायटीतल्या दोन-तीन फ्लॅटमध्ये किंवा जुन्या बंगल्यात चालतात. तिथे तीन गोष्टी. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का? जुन्या इमारतींत नाहीच मावत. मग रात्री माणसाला खुर्चीवर बसवून जिन्याने उतरवतात. खिडक्यांना बॉक्स ग्रिल आहेत, त्यातली एखादी उघडते का? आणि मुख्य दाराला रात्री कुलूप लागत असेल तर किल्ली कोणाकडे? ‘सरांकडे’ आणि सर राहतात ठाण्याला, असं उत्तर मी स्वतः ऐकलंय.

पावसाचं तळमजल्यावरच्या केंद्राला जरूर विचारा, आणि केंद्राला विचारून झालं की समोरच्या वाण्याला विचारा. वाणी खरं सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस सोडा. दरवर्षीच्या भरतीच्या पावसात गल्लीत किती पाणी येतं, वीज गेली की जनरेटर आहे की नुसता इन्व्हर्टर, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घालतात त्या हवेच्या गादीचा पंप त्यावर चालतो का? ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या माणसासाठी हा प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी येतो.

पायरी ७: जेवणाच्या वेळा

जेवण चाखून बघाच, पण चवीपेक्षा वेळ महत्त्वाची. स्वयंपाकीण संध्याकाळी घरी जाते म्हणून साडेसहाला जेवण आणि सकाळी नऊला नाश्ता, असं वेळापत्रक फार ठिकाणी दिसलं. मध्ये साडेचौदा तास. इन्सुलिनवरच्या माणसाची साखर पहाटे उतरली तर तो ओरडत नाही. घामाघूम होतो, बरळतो, आणि झोपेत आहे असं समजून लोक पुढे जातात. झोपताना दूध-बिस्किट मिळतं का, साखर मोजायचं मशीन रात्री कोणाच्या हाताशी असतं, हे विचारा.

पायरी ८: रात्री काही झालं तर

नेमकं विचारा. छातीत दुखलं, तर आधी कोणाला फोन? कुठल्या रुग्णालयात नेता? १०८ ला बोलावता की ठरलेली गाडी आहे? सोबत कोण जातं, आणि ती गेली तर इथे मागे कोण उरतं? आम्ही अण्णांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आजार, गोळ्या, ॲलर्जी, रक्तगट आणि तिघांचे फोन लिहून ठेवलेत. मेडिक्लेमच्या कार्डाची झेरॉक्स त्यालाच टाचलेली.

‘डॉक्टर दर आठवड्याला येतात’ याचा पुरावा रजिस्टरमध्ये असतो. मागच्या चार आठवड्यांच्या नोंदी बघा. चारही एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात का? आणि जीभ रेटत नसली तरी हेही विचारा, की पहाटे कोणी गेलं तर मृत्यूचा दाखला कुठले डॉक्टर देतात. त्या वेळी दाखल्यासाठी दारोदार फिरणाऱ्या माणसांची अवस्था मी पाहिली आहे.

पायरी ९: पैसे आणि करारनामा

आम्हाला पहिल्या ठिकाणी महिना अठ्ठावीस हजार सांगितले होते. पहिलं बिल सदतीस हजारांचं आलं. डायपर वेगळे, हातमोजे वेगळे, फिजिओ वेगळा, ‘एक्स्ट्रा केअर’ वेगळी. तेव्हा लेखी घ्या: पैशात काय येतं, काय नाही, दरवर्षी वाढ किती, रुग्णालयात दाखल असताना खाटेचे पैसे लागतात का, अनामत किती दिवसांत परत. एक महिन्याची नोटीस दोन्ही बाजूंनी हवी. ‘केव्हाही घेऊन जायला सांगू शकतो’ असं कलम असेल तर खोडून घ्या.

एटीएम कार्ड, पासबुक, मुखत्यारपत्र कोणाच्याही हाती द्यायचं नाही, कितीही भला माणूस असो. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला कोण करणार ते आधी ठरवा. मशीन अंगठ्याचा ठसा घेत नाही, मग चेहऱ्यावरून करावा लागतो, ऐन वेळी धावपळ होते.

पायरी १०: आधी पंधरा दिवस

कायमचं ठेवण्याआधी पंधरा दिवस ठेवून बघा. बहुतेक जण तयार होतात. नेण्याच्या दिवशी दोन कामं तिथल्या सिस्टरसमोर करा: वजन करा, आणि पाठ, माकडहाड, दोन्ही खुबे, दोन्ही टाचा यांचे फोटो काढा, तारखेसकट. तिचीही सही घ्या. यात अविश्वास नाही. जखम घरून आली की तिथे झाली, हा वाद त्यांच्याही अंगाशी येतो. पुढे दर महिन्याला वजन विचारत जा. वजन उतरू लागलं तर भरवणारं कोणी नाही असं समजा.

कूस बदलायचं दर दोन तासांचं पत्रक खाटेशी लावायला सांगा. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलावी लागत नाही, असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. भेटायला जाल तेव्हा पांघरूण बाजूला करून स्वतः बघा. कातडी लाल किंवा काळपट दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही रंग फिका पडला नाही, तर जखम सुरू झाली आहे, त्याच दिवशी बोला.

बोलून ऐकलं नाही तर लेखी द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मुंबई पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची १०९०, आणि तातडीला ११२. पैसे घेऊन सेवा देतात, म्हणून ग्राहक आयोगातही जाता येतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं न्यायाधिकरण मात्र मुख्यतः मुलांकडून किंवा नातेवाइकांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. केंद्राच्या तक्रारी घेऊन लोक तिथे जातात आणि दिवस फुकट घालवतात.

सामान भरताना सगळ्यावर नाव घाला. कपडे एकाच मशीनमध्ये धुतले जातात. धोब्याची पक्की शाई आणा आणि कॉलरच्या आत लिहा. चष्म्याच्या दांडीवर, कानाच्या मशीनच्या डबीवर, चपलेच्या तळव्यावर. कवळीवर नाव आमच्या दाताच्या डॉक्टरांनी घालून दिलं, दहा मिनिटांचं काम. तरी मागच्या गुरुवारी गेले तेव्हा अण्णा कोणाचा तरी चौकड्यांचा शर्ट घालून बसले होते. मी मावशींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “ताई, त्यांनीच मागून घेतला. जोशीकाकांचा आहे. काकांनी यांचा घातलाय.”